वेगळे साउंड कार्ड घेऊ, की मदरबोर्डवरचाच ऑडिओ पुरेल? भजनाच्या कॅसेट आणि घुमट आरतीसाठी सल्ला हवा

चिऱ्याचे_घर (फोंडा)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. चाळीसेक वर्षे ते गावच्या देवळात भजन म्हणत आले, पेटीही स्वतःच वाजवतात. त्यांच्या कपाटात ३१ कॅसेट आहेत. बहुतेक १९८५ ते १९९७ मधल्या, सप्ताहाला देवळाच्या खांबापाशी टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या. त्यात गाणारे निम्मे लोक आज हयात नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर दोन कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली आणि मी घाबरलो.

मला दोन कामे करायची आहेत. एक, या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या. दोन, येत्या चवथीला (गणेशचतुर्थीला) बाबांचे गाणे आणि आमच्या वाड्यावरची घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती, नीट रेकॉर्ड करायची. बाबांचा आवाज अजून चांगला आहे, पण वर्षे थांबत नाहीत.

कॉम्प्युटर पाच वर्षांपूर्वीचा, असेंबल केलेला. बोर्ड साधा, त्यावर रिअलटेकची एएलसी ८८७ चिप आहे. पुढच्या जॅकला इअरफोन लावला की सतत सूंऽऽ आवाज येतो, माउस हलवला की त्यात किरकिर मिसळते. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, "ऑनबोर्ड म्हणजे असेच असणार, साडेसहा हजारांचे साउंड कार्ड बसवा, सगळे बंद होईल." पैसे घालायची तयारी आहे, पण चुकीच्या जागी जायला नकोत. जाणकारांनी सांगावे.

सर्किटवाला (मडगाव)

तुमचे दुखणे एक नाही, तीन आहेत. ती वेगळी केल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

पहिले, पुढचा जॅक. तो बोर्डाला एका लांब बारीक केबलने जोडलेला असतो. ही केबल ग्राफिक्स कार्डाच्या, पंख्याच्या, यूएसबीच्या वायरींच्या शेजारून कॅबिनेटभर फिरते आणि वाटेत सगळा कचरा गोळा करते. माउस हलवल्यावरची किरकिर बहुतेक वेळा तिथलीच. इअरफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा.

दुसरे, झिणझिण्या. हा साउंड कार्डाचा विषयच नाही, अर्थिंगचा आहे. त्यावर आपले वायरमन काका बोलतीलच.

तिसरे, चिप. एएलसी ८८७ ला आज कोणी भारी म्हणणार नाही, पण कागदावर तिचा ऐकण्याचा भाग सुमारे ९७ डेसिबलचा आणि रेकॉर्डिंगचा ९० डेसिबलचा आहे (हे आवाज आणि खरखर यांतले अंतर, जितके जास्त तितके चांगले). सीडीच्या १६ बिटची सैद्धांतिक मर्यादाच ९८ च्या आसपास. म्हणजे गाणे ऐकायला ही चिप कमी पडत नाही. महागड्या बोर्डांवर एएलसी १२२० असते, तिचा आकडा १२० डेसिबल. फक्त हे आकडे चिपचे आहेत, बोर्डाचे नव्हेत. तीच चिप चांगल्या बोर्डावर, वेगळ्या पट्ट्यात, चांगल्या कपॅसिटरसोबत बसवली तर शांत असते, आणि दाटीवाटीत बसवली तर खरखरते. 'ऑनबोर्ड म्हणजे असेच असणार' हे वाक्य २००० साली खरे होते, आज सरसकट नाही.

जुना_गेमर (म्हापसा)

साउंड कार्डाच्या बाजूने चार शब्द मला बोलू द्या. १९८९ ला क्रिएटिव्हचे पहिले साउंड ब्लास्टर आले तोवर साध्या पीसीला फक्त 'पिप' वाजवणारा स्पीकर होता. मी बाराव्या वर्षी मामाकडे साउंड ब्लास्टर १६ ऐकले तो दिवस विसरलेलो नाही. तेव्हा कार्ड म्हणजे गरज होती. १९९७ ला इंटेलने बोर्डावरच्या आवाजासाठी एसी ९७ हे मानक आणले, २००४ ला एचडी ऑडिओ, आणि आवाज हळूहळू बोर्डावरच आला. विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने आवाजाचे हार्डवेअर अॅक्सिलरेशन काढून टाकले, तिथे गेमसाठीच्या कार्डांचा मोठा फायदा संपला.

तरी माझ्याकडे आजही असूसचे झोनार एसेन्स एसटीएक्स हे कार्ड आहे. कारण माझा हेडफोन ३०० ओहमचा. त्याला बोर्डावरचा जॅक पुरेसे व्होल्टेज देत नाही, आवाज पूर्ण वाढवूनही गाणे दबलेले वाटते. असा हेडफोन असेल तर कार्ड किंवा बाहेरचा अॅम्प घ्या. तुमचा इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असणार, त्याला यातले काही लागत नाही. तुमच्या जागी मी असतो तर आज पीसीआयई कार्ड (बोर्डाच्या खाचेत बसणारे) घेतले नसते. माझे कार्ड चालते, पण विंडोज बदलले की दरवेळी ड्रायव्हर शोधत बसावे लागते.

वायरमन_काका (डिचोली)

चिऱ्याचे_घर, आधी एक कळकळीची विनंती. कॅबिनेटला हात लावताना चप्पल घाला आणि हे काम या आठवड्यातच करून घ्या.

झिणझिण्या का येतात ते सांगतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) फेजकडून आणि न्यूट्रलकडून पत्र्याला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. तो बिघाड नाही, वीजपुरवठ्यातला कचरा जमिनीत सोडण्यासाठीच ठेवलेला असतो. अर्थ जोडलेला असेल तर ती गळती मुकाट जमिनीत जाते. अर्थ नसेल तर पत्र्यावर निम्मे व्होल्टेज दिसते, म्हणजे ११५ च्या आसपास. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण्या. पण आतली एखादी वायर खरोखरच पत्र्याला टेकली तर वाचवणारा अर्थ तुमच्या घरात नाही, हा त्याचा खरा अर्थ.

तुमच्या नावावरूनच कळते की घर चिऱ्याचे आहे. जुन्या घरांत खटका तीन पिनचा असतो, पण आत तिसरी वायरच नसते, असे मी शेकडो ठिकाणी पाहिले. आणि अर्थपिट (अर्थची वायर जमिनीत पुरलेला खड्डा) असले तरी आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात अशी कोरडी पडते की पिट नावालाच उरते. पावसात तेच पिट ठीक चालते. म्हणून लोक म्हणतात, "मे महिन्यात खरखर होती, जुलैत आपोआप गेली."

हाच गळका करंट आता आवाजात बघा. कॉम्प्युटरला टेपडेक जोडलात की त्याला ऑडिओ केबलमधून वाट मिळते, आणि रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ उमटते. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा तो आवाज ५० आणि १०० हर्ट्झवर असतो. साडेसहा हजारांचे कार्ड त्याच कॅबिनेटात बसवलेत तर तेही हाच घूं रेकॉर्ड करील.

लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मीटरने मोजायला सांगा. पहिले २३० च्या जवळ, दुसरे दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. पिट जुने असेल तर कोळसा-मीठ घालून नवे करा, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) नसेल तर बसवा. आणि कोणीही "अर्थची पिन कापा, घूं जाईल" असे सांगितले तर ऐकू नका. घूं जातो खरा, पण मग माणूस जायची वेळ येते.

इन्व्हर्टर असेल तर त्याकडेही बघा. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर वीज गेल्यावर आवाजात भरभर येते. रेकॉर्डिंग त्यावर करू नका.

चिऱ्याचे_घर (फोंडा)

काका, मनापासून आभार. आज वायरमन येऊन गेले. तुम्ही म्हणालात तसेच निघाले. कॉम्प्युटरच्या खोलीतल्या सॉकेटला तिसरी वायरच नव्हती. विहिरीकडच्या जुन्या पिटमध्ये मीटरचे टोक लावले तर आकडा जागचा हलेना. नवे पिट उद्यापासून.

तोवर सर्किटवाल्यांनी सांगितलेले करून बघितले. मागच्या हिरव्या जॅकला इअरफोन लावला, माउस गरगर फिरवला. किरकिर नाही. अजिबात नाही. सूंऽऽ आवाज मात्र थोडा आहे.

सर्किटवाला (मडगाव)

उरलेला सूं बघू. आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक आणि लाइन-इन हे प्लेबॅकच्या यादीत चालू असतील तर म्यूट करा. माइक बूस्ट +२० किंवा +३० वर असेल तर शून्यावर आणा. 'एन्हान्समेंट' सगळी बंद. आणि विंडोजचा आवाज शंभरावर ठेवून स्पीकरचा कमी ठेवा, उलटे नको.

नंतर एक साधी चाचणी करा. दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली केबल घ्या, मागच्या हिरव्यातून निळ्यात घाला. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही न वाजवता एक मिनिट रेकॉर्ड करा. पातळी −७५ डेसिबलच्या खाली असेल तर तुमच्या कॅसेटसाठी हा बोर्ड हवा त्याहून चांगला आहे. −५५ च्या वर असेल तर पुन्हा इथे या.

तिसवाडीची (पणजी)

मी ऑनलाइन गाणे शिकवते, म्हणून तुमच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहिते. कॅसेट आणि माइक ही दोन वेगळी कामे आहेत, दोघांना एकच उत्तर शोधू नका.

ऑनबोर्डचा गुलाबी जॅक हेडसेटच्या छोट्या इलेक्ट्रेट माइकसाठी असतो. तो माइकला दोन-अडीच व्होल्ट देतो, बस्स. चांगल्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर लागते, ती तिथे नाही. आणि भजनी मंडळांकडे असतो तसा डायनॅमिक माइक गाणाऱ्याच्या तोंडून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट बाहेर देतो. त्याला पन्नास-साठ डेसिबलने वाढवावे लागते. गुलाबी जॅक ते करायला गेला की बाबांच्या आवाजाइतकीच त्याची स्वतःची खरखर वाढते. मी पहिली सहा महिने असेच रेकॉर्ड केले. ते तुकडे आज ऐकले तर षड्ज लावताना मागे पाऊस पडतोय असे वाटते, आणि तेव्हा मे महिना होता.

दुकानदार सांगतो ते पीसीआयई कार्डही यात उपयोगाचे नाही. त्यावरही बहुधा तसाच ३.५ मिमीचा जॅक असतो. तुम्हाला हवा तो यूएसबी ऑडिओ इंटरफेस. बाहेरचा डबा, त्याला एक्सएलआर सॉकेट (माइकचे तीन पिनांचे), गेनचे म्हणजे माइकचा आवाज वाढवायचे बटण, ४८ व्होल्टचा खटका. एक्सएलआरच्या केबलमध्ये दोन उलट्या सुलट्या वायरी असतात, वाटेत शिरलेला घूं दोन्हींत सारखाच शिरतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. देवळातल्या ट्यूबलाइटशेजारून वीस मीटर केबल ओढायची असेल तर हे फार मोलाचे.

आणखी एक फायदा शिकवताना कळला. साध्या ऑनबोर्डवर आपलाच आवाज कानात उशिरा येतो, गाणारा लय सोडतो. इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) १२८ सॅम्पलवर चालवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा बफर २.७ मिलिसेकंदांचा होतो. आवाज हवेतून तेवढ्या वेळात मीटरभरही जात नाही.

दोन इनपुटवाला घ्या, एकवाला नको. एक पेटीला, एक गळ्याला.

फाइव्हपॉइंटवन (वास्को)

>> तिसरे, चिप. एएलसी ८८७ ला आज कोणी भारी म्हणणार नाही >>

मला हे पटत नाही. कार्डावर १९२ किलोहर्ट्झ, ३२ बिट मिळते. जितके जास्त तितका आवाज खरा. माझ्या घरी फरक स्पष्ट ऐकू येतो.

सर्किटवाला (मडगाव)

फरक ऐकू येतो यावर माझा विश्वास आहे, पण तो बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीतला असतो. कार्ड अर्धा डेसिबल मोठे वाजले तरी कानाला ते 'खुलले' असे वाटते. पातळी मीटरने सारखी करून, कोणते चालू आहे ते न बघता ऐका, आणि मग लिहा.

४४.१ किलोहर्ट्झमध्ये २० किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज मावतो. त्यापुढचे माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, आणि देवळात भरलेल्या कॅसेटवर ते मुळात नाहीच. २४ बिट मात्र रेकॉर्डिंगला जरूर ठेवा. त्याचा फायदा असा की पातळी खाली ठेवूनही खरखर वाढत नाही.

जुनीकॅसेट (साखळी)

चिऱ्याचे_घर, मी गेल्या चार वर्षांत घरातल्या आणि शेजारच्या शंभरावर कॅसेट उतरवल्या. माझ्या अनुभवात नव्वद टक्के निकाल डेकवर ठरतो, कॉम्प्युटर शेवटी येतो. साध्या फेरिक कॅसेटची आवाजाची झेप जेमतेम पन्नास-साठ डेसिबलची. तुमच्या बोर्डाचा निळा लाइन-इन ९० चा. भांडे मोठे आहे, पाणी कमी आहे. साउंड कार्डाचे पैसे चांगला डेक दुरुस्त करण्यात घाला.

बुरशीच्या कॅसेट आधी वेगळ्या काढा. त्या तशाच लावल्यात तर बुरशी हेडवर बसते आणि तिथून चांगल्या कॅसेटवर जाते. मी त्या घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, फीत हाताने हळूहळू फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसतो. एका कॅसेटला एक तास लागतो. घाई करायची नाही.

जुन्या कॅसेटच्या आत फितीच्या मागे नमद्याचा एक बारीक तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. आपल्या दमट हवेत त्याचा गोंद सुटतो. मग आवाज येतो-जातो आणि आपण जॅकला दोष देत बसतो. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या सालात फीत बदलून घालता येते.

डेकचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी पट्टा सैल असेल तर बदला, नाहीतर बाबांची पट्टी अर्ध्या स्वराने उतरेल. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू. तुमच्या कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरल्या त्याचा हेड किंचित तिरका असणारच. आवाज मोनो करून ऐका आणि तो स्क्रू केसभर फिरवत न्या. एका जागी झांजेची किनार अचानक उघडते. तीच जागा. दर कॅसेटला पुन्हा बघा.

केबल डेकच्या लाइन-आउटमधून निळ्या जॅकला, गुलाबीला चुकूनही नाही. सर्वात मोठा आवाज −६ डेसिबलवर. २४ बिट ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ फाइल तासाला साधारण १ जीबी होते, तुमच्या ३१ कॅसेट एका साध्या पेनड्राइव्हवर मावतील. प्रती दोन ठेवा, एक दुसऱ्या घरात. खरखर काढायचे सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीच चालवू नका. आज नको वाटणाऱ्या खोकल्यावरून उद्या घरचे कोणी माणूस ओळखील.

घुमट_आणि_शामेळ (पेडणे)

आरतीबद्दल माझे दोन शब्द. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, पण त्याचे चांगले रेकॉर्डिंग अजून शोधून सापडत नाही. बहुतेक मोबाइलवरचे, नुसता टणटण.

घुमट दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडाला चामडे, लहान तोंड उघडे. उजवा हात चामड्यावर, डावा हात लहान तोंड झाकतो-उघडतो, आणि तो घुमारा तिथून येतो. सगळे माइक चामड्याकडे धरतात आणि घुमारा निसटतो. माइक बाजूला, हातभर लांब, दोन्ही तोंडांच्या मध्ये येईल असा धरा. लहान तोंडाच्या अगदी समोरही नको, तिथून हवेचा भपका लागतो.

शामेळ (साथीचे चर्मवाद्य) आणि कांसाळे (झांज) माइकपासून लांब बसवा. कांसाळ्याचा एक ठोका बाकी सगळे खाऊन टाकतो. गेन ठरवताना वाजवणाऱ्यांना शेवटच्या आरतीची जलद चाल वाजवायला सांगा आणि तेव्हा पातळी −१२ च्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीच्या संथ चालीवर गेन लावला तर शेवटी सगळे फाटते. आमचे एक वर्ष असेच गेले, आणि त्या वर्षीचे मुख्य घुमटवाले काका पुढच्या चवथीला नव्हते.

बाकी जॅक-पिनांना खारी हवा खाते. समुद्र जवळ असेल तर इंटरफेस आणि माइक सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. आणि चवथीच्या दिवसांत गडगडाट झाला तर सरळ प्लग काढा.

चिऱ्याचे_घर (फोंडा)

मंडळी, दीड महिन्याने लिहितोय, उशिराबद्दल क्षमा असावी.

साउंड कार्ड घेतले नाही. नवे अर्थपिट झाले, झिणझिण्या पहिल्याच दिवशी गेल्या. केबल घालून केलेल्या चाचणीत पातळी −७९ आली. पैसे तिघांत वाटले गेले: पिट आणि वायरिंग, डेकचा पट्टा आणि साफसफाई, उरलेल्यात थोडी भर घालून दोन इनपुटवाला इंटरफेस. माइक तिसवाडीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे भजनी मंडळाचेच वापरले.

आतापर्यंत ९ कॅसेट उतरल्या. चौथ्या कॅसेटवर स्क्रू फिरवताना झांज उघडली तेव्हा बाबा दारात उभे होते. १९८८ च्या सप्ताहातली रात्र. ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि एकेका आवाजाला नाव देत गेले. मी कागद घेऊन लिहीत होतो. पंधरा नावे झाली. एका ठिकाणी थांबवायला सांगितले, मागे न्यायला सांगितले. तो आवाज माझ्या आजोबांचा होता. मी तो पहिल्यांदा ऐकला, कारण ते गेले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो.

चवथीचे रेकॉर्डिंगही झाले. गेन जलद चालीवर लावला, शेवटची आरती −११ पर्यंत गेली, फाटली नाही. घुमटाचा घुमारा आलाय. बाबांचे गाणे दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच केले, पंखा बंद करून, पेटीला एक माइक, गळ्याला एक.

जुनीकॅसेट, एक विचारायचे आहे. बुरशीच्या दोनपैकी एकीची फीत पुसताना मध्येच एका ठिकाणी चिकटलेली सापडली, साधारण बोटभर. ओढायची हिंमत होत नाही. तशीच ठेवली आहे. काय करू?

जुनीकॅसेट (साखळी)

ओढू नका. फोंड्याला मी रविवारी येतो. कॅसेट, दुसरी एक रिकामी स्क्रूवाली कॅसेट आणि चांगला उजेड तयार ठेवा.